सतराव्या टेपमधला दुसरा आवाज

देवदत्त सरपोतदारला गोंगाटाचं वावडं होतं, आणि नशिबाने ते वावडंच त्याचं पोट भरत होतं. अमेरिकेतल्या हर्नडन गावी एका मध्यम आकाराच्या कंपनीत तो बारा वर्षं आवाज साफ करायचं काम करत होता. डॉक्टरांच्या नोंदी, कोर्टातल्या साक्षी, कुणाकुणाच्या मीटिंगा, जे काही रेकॉर्ड होऊन येई त्यातून पंखा, खोकला, खुर्चीची कुरकुर आणि मागे बोलणारे लोक वेचून काढायचे, आणि मुख्य माणसाचा आवाज तेवढा लख्ख करून समोर ठेवायचा. ऑफिसात त्याला 'क्लीनर' म्हणत. हे कौतुक आहे अशी त्याची समजूत होती, आणि बव्हंशी ते होतंही.

घरीही तोच बाणा. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मिरजेहून त्याच्या आईचा, मालिनीबाईंचा फोन येई. देवदत्त तो स्पीकरवर टाकी, स्वतःला म्यूट करी आणि लॅपटॉप उघडी. "माझ्या टायपिंगचा आवाज तिला कशाला," असं तो बायकोला, रेणूला सांगे. मालिनीबाई पंचेचाळीस मिनिटं बोलत. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, बोअरचं पाणी किती खाली गेलं, डॉक्टर काय म्हणाला आणि त्यावर त्या डॉक्टरला काय म्हणाल्या. पूर्वी दर पाच मिनिटांनी त्या थांबून विचारत, "ऐकतोयस ना रे?" मग हा म्यूट काढून "हो गं, बोल" म्हणे आणि पुन्हा म्यूट. गेल्या तीनेक वर्षांत त्यांनी ते विचारणं सोडून दिलं होतं. लाइन सुधारली, असं देवदत्तला वाटे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने एक पुण्यकर्म, म्हणजे फुकटातलं काम, अंगावर घेतलं. अबेनाकी म्हणजे गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू हॅम्पशर आणि व्हरमाँटच्या मुलखात राहणारे लोक. त्यांची भाषा घरात बोलणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच उरली आहेत. न्यू हॅम्पशरमधल्या सेसील नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या बाईंनी एकतीस जुन्या कॅसेटी पाठवल्या. त्यांत त्यांच्या आजीचा आवाज होता. आजी मूळची कॅनडातल्या ओडानाकची. दर उन्हाळ्यात टोपल्या विणून विकायला इकडच्या डोंगरातल्या हॉटेलांपाशी यायची, ती एका वर्षी परत गेलीच नाही. म्हातारपणी स्वयंपाकघरात बसून तिने सांगितलेल्या गोष्टी कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. कॅसेटी इतक्या सडल्या होत्या की त्या एकदाच वाजतील, असं कंपनीच्याच लॅबवाल्यांनी बजावलं. त्या एकदा वाजल्या, कॉम्प्यूटरमध्ये उतरल्या, आणि आतल्या पट्टीचे पापुद्रे सुटले.

सोबत सेसीलबाईंनी शब्दांची यादीही पाठवली होती. शब्दांच्या मधोमध आठचे आकडे पाहून देवदत्तच्या टीमने ती टायपिंगची चूक समजून सगळे आठ काढून टाकले. नाकातून येणारा एक स्वर आम्ही आठच्या आकड्याने लिहितो, असं बाईंनी दोन ओळींच्या ईमेलने कळवलं, तेव्हा ते निमूटपणे परत घालण्यात आले. खरं तर इथेच सावध व्हायला हवं होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचाही देवदत्तच होता आणि मागचाही, त्यामुळे शहाणं कुणीच झालं नाही.

सतराव्या टेपने त्याला सगळ्यात जास्त छळलं. सगळ्यात लांब गोष्ट तीच, एक्केचाळीस मिनिटांची. किटली शिट्टी घालत होती, कुत्रं नखं वाजवत फिरत होतं, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कुणीतरी दुसरी बाई सारखी मध्येमध्ये तोंड घालत होती. आजीचं एक वाक्य झालं की हिचं काहीतरी ओंहों, ओंहों. देवदत्तने सॉफ्टवेअरला सांगितलं, मुख्य वक्ता ठेव, बाकी काढ. त्यातून ज्या रिकाम्या जागा झाल्या त्याही त्याने मिटवून टाकल्या. टेप एकोणतीस मिनिटांची झाली. आजी आता कुठेही न अडखळता, दम न घेता बातम्या दिल्यासारखी गोष्ट सांगत होती.

जूनमध्ये त्याने एकतीस फायली हार्ड डिस्कच्या एका छोट्या पेटीत भरून सेसीलबाईंकडे रवाना केल्या. सोबत नेहमीचं पत्र गेलं: नव्वद दिवसांत तक्रार आली नाही तर काम पसंत आहे असं धरलं जाईल आणि मूळ फायली आमच्याकडून पुसल्या जातील. हा नव्वद दिवसांचा नियम खाजगीपणा जपण्यासाठी देवदत्तनेच लिहिला होता. बाईंकडून उत्तर आलं नाही. मौनं संमतिलक्षणम्, असं म्हणून देवदत्त मोकळा झाला. ऑगस्टमध्ये त्याला कंपनीत बक्षीस मिळालं, सप्टेंबरमध्ये मूळ फायली आपोआप पुसल्या गेल्या, आणि प्रकरण सर्वांगसुंदर रीतीने मिटलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या डेस्कवर फोन वाजला.

"गुड मॉर्निंग, देवदत्त. सेसील बोलतेय. इथे बर्फ पडला, म्हणून काल आम्ही सतरा नंबर ऐकली. माझी आई कुठे आहे?"

देवदत्तला वाटलं, म्हाताऱ्या बाई आहेत, काहीतरी घोटाळा होतोय. त्याने आवाज अतिशय नम्र केला. "सॉरी, मी समजलो नाही. टेपमध्ये तुमच्या आजी आहेत ना?"

"आजी आहे. आई नाही. आजी तिलाच गोष्ट सांगत होती. गोष्ट ऐकणाऱ्याने ओंहों म्हणायचं असतं, म्हणजे होय, ऐकतेय. नाही म्हटलं तर सांगणारी गप्प बसते."

हे देवदत्तला कुणी शिकवायची गरज नव्हती. मालिनीबाई लहानपणी पोळ्या लाटतालाटता गोष्ट सांगत तेव्हा प्रत्येक वाक्याला हूं द्यावं लागे. हूं चुकलं की लाटणंही थांबे आणि राजाही घोड्यावर तसाच अडकून पडे. हे सगळं माहीत असलेल्या माणसाने दोनशे ओंहों एकेक करून वेचून फेकले होते.

सेसीलबाई शांतपणे सांगत राहिल्या. त्यांची आई आयुष्यभर म्हणत आली की मला ती भाषा येत नाही. लहानपणी शाळेत त्या भाषेपायी तिला जे भोगावं लागलं, त्यानंतर मुलांसमोर तिने त्यातला एक शब्द कधी तोंडातून काढला नाही. "ही टेप मी तरुणपणी एकदाच ऐकली. तेव्हा मलाच भाषा येत नव्हती. आई मध्येमध्ये काहीतरी बोलतेय, एवढंच कळलं. काय बोलतेय ते कळावं म्हणून पन्नाशीत मी वर्गाला जायला लागले. वीस वर्षं शिकले. आता ऐकायला बसले तर ती नाही."

"पण मॅडम, फायली तर जूनमध्ये आल्या होत्या," देवदत्त म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःचीच चीड आली.

"उन्हाळ्यात आमच्या घरात गोष्टी ऐकत नाहीत. जमिनीवर बर्फ हवा. तुमची पेटी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि बर्फाची वाट पाहिली."

"काळजी करू नका," देवदत्त म्हणाला. "बॅकअप असणारच."

बॅकअप नव्हता. नियम लिहिणारा चोख होता, आणि त्याने बॅकअपलाही नव्वद दिवसांतच पुसायची सोय करून ठेवली होती. चार दिवस त्याने सर्व्हरचा कोपरा न् कोपरा झाडला. पाचव्या दिवशी त्याचा मॅनेजर नकुल त्याच्या डेस्कवर येऊन टेकला.

"यार, किती स्ट्रेस घेतोयस? अपॉलॉजीचं टेम्प्लेट आहे, ते पाठव. नाहीतर एक कर. तो साउंड सगळीकडे सेमच आहे ना? एआयने जनरेट कर आणि गॅपमध्ये टाक. कुणाला कळणारेय?"

देवदत्तला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर त्याला ती कल्पना आधीच सुचून गेली होती आणि त्याने गुपचूप दोन नमुनेही बनवले होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने ते रेणूला ऐकवले. चांगले झाले होते. थोडा घोगरा, थोडा दूरचा असा आवाज आला होता.

रेणू भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "उद्या तुझी आई नसली, आणि कुणी कंपनीने तिच्या आवाजात 'जेवलास का रे' बनवून पाठवलं, तर तू काय करशील? फाइव्ह स्टार देशील?"

देवदत्तने नमुने डिलीट केले. पुसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"पण मला एक कळत नाही," रेणू पुन्हा सुरी उचलत म्हणाली. "सगळं गेलं कसं म्हणतोस? मंडळाच्या दिवाळीत तू सगळ्यांना ऐकवलं होतंस ना? फराळाच्या प्लेटा हातात धरून आम्ही तुझं बिफोर-आफ्टर ऐकत होतो. लोकांच्या चकल्या नरम पडल्या."

देवदत्त धावत वर गेला. बक्षिसासाठी केलेलं प्रेझेंटेशन लॅपटॉपवर होतं. त्यातली सहावी स्लाइड. डाव्या बाजूला लाल चौकट, 'बिफोर: नॉइज'. उजव्या बाजूला हिरवी, 'आफ्टर: व्हॉइस'. आपण किती घाण उपसली हे साहेब लोकांना दाखवायला त्याने लाल चौकटीत सतराव्या टेपचा मूळ तुकडा डकवला होता. त्यातल्या त्यात सगळ्यात घाणेरडा, म्हणजे ती दुसरी बाई सगळ्यात जास्त बोलते तो. सत्तेचाळीस सेकंदांचा. एक्केचाळीस मिनिटांतून तेवढाच वाचला होता, आणि तोही त्याच्या फुशारकीपोटी.

तो ईमेलने पाठवायची त्याला लाज वाटली. जानेवारीत विमानाने न्यू हॅम्पशरमधलं मँचेस्टर आणि तिथून भाड्याच्या गाडीने दीड तास, असा तो सेसीलबाईंच्या दारात उभा राहिला. गुडघाभर बर्फ होता. बाई उंच, हडकुळ्या, पुरुषी स्वेटर घातलेल्या. त्यांनी त्याला बूट काढायला लावले, चहा दिला, आणि हवापाण्याचं एक वाक्य न बोलता समोर बसल्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर टोपल्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्या काठात विणलेल्या गवताचा गोडसर वास खोलीभर होता.

देवदत्तने लॅपटॉप उघडला. स्लाइड झाकायला तो विसरला. सेसीलबाईंनी चष्मा लावून लाल चौकटीवरची अक्षरं वाचली.

"नॉइज," त्या म्हणाल्या. "हं. शाळेतही असंच म्हणायचे."

देवदत्तने मान खाली घालून बटण दाबलं. किटली, कुत्र्याची नखं, आजीचा आवाज. मग, "ओंहों." पुन्हा आजी. "ओंहों." सेसीलबाईंनी टेबलाची कड धरली. आजी चार वाक्यं बोलली आणि अडली. तिला शब्द आठवेना. दोन सेकंद फक्त किटली. आणि मग दुसऱ्या बाईने, सहज, उठून मीठ पुढे करावं तसा एक शब्द तिला दिला. आजीने तो घेतला आणि गोष्ट पुढे गेली.

"परत," सेसीलबाई म्हणाल्या.

त्यांनी तो तुकडा अकरा वेळा ऐकला. मग उठून फळीवरची एक टोपली आणली आणि तिच्या काठातल्या त्या सुवासिक गवतावर बोट ठेवलं. "याचं नाव आहे ते. साठ वर्षं आईने हे गवत विणलं. आमच्यासमोर नुसतं 'ग्रास' म्हणायची. मी वर्गातून हा शब्द शिकून आले आणि तिला म्हणून दाखवला, तर म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं." बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्या हसल्याही. "खोटारडी!"

देवदत्तने लॅपटॉप बाजूला सारला. "बाकीचं गेलं, सेसील. माझ्यामुळे गेलं. मी नुसतं सॉरी म्हणून काही..."

"गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. ठीक आहे, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. "पण ती तुमची स्वच्छ टेप मला ऐकवत नाही. आजी असं बोलत नव्हती. मी मध्ये ओंहों म्हणायला जाते, तर तुम्ही जागाच ठेवली नाही. ती पुढे निघून जाते."

जागा. देवदत्त ताडकन उठला. काय कापलं ते त्याने ठेवलं नव्हतं, पण कुठे कापलं आणि किती, त्याची नोंद सॉफ्टवेअर आपणहून करतं. ती फाइल जूनमध्ये बाईंनाच पाठवलेल्या पेटीत होती. असल्या फायली कुणी उघडत नाही, देवदत्तनेही कधी उघडली नव्हती. ड्रॉवरमधून पेटी काढवून त्याने ती फाइल उघडली. दोनशे बारा नोंदी. बहुतेक तीन-चार सेकंदांच्या. एक सोडून.

"ही कसली?" सेसीलबाईंनी त्याच्या खांद्यावरून विचारलं.

देवदत्तने वाचलं. "दुसरा वक्ता. हास्य. अकरा सेकंद."

"अकरा?" बाई खुर्चीत बसल्या. "माझी आई? अकरा सेकंद हसली?" त्यांनी चुलीमागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सेकंदकाटा एक ते अकरा सरकेपर्यंत पाहत राहिल्या. "बापरे," त्या म्हणाल्या.

वीस मिनिटांत देवदत्तने दोनशे बारा जागा परत घातल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा तो टेपमध्ये काही भरत होता, आणि भरत होता ते काय, तर नुसती शांतता. मग टेप लावली. आजीने पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबली. सेसीलबाई म्हणाल्या, "ओंहों." पहिल्या काही जागा चुकल्या, कधी घाई झाली, कधी उशीर. हळूहळू जमलं. एकोणतीस मिनिटांची टेप परत एक्केचाळीस मिनिटांची झाली होती, आणि आजी आता दम घेऊन, समोरच्या माणसाकडे पाहून सांगत असल्यासारखी सांगत होती. अकरा सेकंदांची जागा आली तेव्हा बाई हसल्या नाहीत. ती त्यांनी आईसाठी रिकामी सोडली. देवदत्त कोपऱ्यात थंड चहा धरून बसला होता, आणि आपण रडतोय हे त्याला बरंच उशिरा कळलं.

ऑफिसात नकुलला हे सांगितलं तेव्हा त्याने टाळी वाजवली. "यार, हे तर फीचर आहे! लिसनर मोड! डेक बनव." देवदत्तने स्लाइडांचा तो डेक बनवला नाही. दुसऱ्या कुणीतरी बनवला, आणि त्याला म्हणे या वर्षीचं बक्षीस मिळणार आहे.

पुढच्या रविवारी नऊ वाजता फोन वाजला. देवदत्तने लॅपटॉप मिटला. फोन हातात घेतला आणि म्यूट केला नाही.

मालिनीबाईंनी नेहमीसारखी सुरुवात केली. समोरच्या घराला रंग काढलाय, पण रंग असा की डोळे दिपतात.

"हूं," देवदत्त म्हणाला.

"कोण आहे तिकडे?" मालिनीबाईंनी विचारलं. "फोन कुणी घेतलाय? देवदत्त कुठाय?"

"मीच आहे, आई."

"मग हूं काय करतोयस मध्येच? बरं आहे ना तुला? नोकरी-बिकरी गेली का?"

"नाही गं. तू बोल ना. ऐकतोय."

मालिनीबाईंचा विश्वास बसायला वेळ लागला. पण सांगायचं बरंच साठलं होतं, त्यामुळे त्या निघाल्या. हा हूं देत गेला. दोन-तीन हुंकारांनंतर त्यांचा आवाज बदलला, मोठा झाला, मध्येच त्या हसल्या. रेणू दारात येऊन उभी राहिली. मालिनीबाई समोरच्या घरातल्या त्या बाईचं सांगत होत्या. एकटीच असते, रोज सकाळी मालिनीबाईंकडे चहाला येते, मागच्या वर्षी ह्या न्हाणीत पडल्या तेव्हा तिनेच उचलून रिक्षात घातलं, ती.

देवदत्तला आई पडल्याचं आठवेना.

"दर रविवारी तर सांगते मी तिचं," मालिनीबाई म्हणाल्या, आणि अडल्या. "अगं बाई, जिभेवर आहे बघ. तोंडात येतं आणि जातं. काय रे तिचं नाव?"

देवदत्त मिरजेतली ती गल्ली आठवू लागला, तिथलं एकेक घर, समोरचं दार. तीन वर्षं दर रविवारी ते नाव या खोलीत, याच टेबलावर, स्पीकरमधून मोठ्याने उच्चारलं गेलं होतं. त्याला एक अक्षरही ठाऊक नव्हतं.

"हूं," तो म्हणाला.

"हूं काय नुसतं? नाव सांग ना."

देवदत्तने फोन दोन्ही हातांत धरला. "मला माहीत नाही, आई," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."